उपदेशकाला परवाना हवा काय?

पूर्व आफ्रिकेतील केनिया ह्या देशात, समुद्रकिनाऱ्यावरच्या मालिंदी शहरातील न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये पॉल न्थेंगे मॅकेन्झी नावाच्या इसमाला एक वर्षाच्या कारावासाची शिक्षा फर्मावली. गुन्हा असा की, कायद्याने आवश्यक असलेला परवाना न घेता त्याने चित्रीकरण केले आणि आपल्या प्रवचनांच्या चित्रफिती प्रसृत केल्या. ह्या शिक्षेच्या सात-आठ महिने आधी त्याच परिसरातील शाकाहोला जंगलातून माणसांची प्रेते उकरून काढण्याचे काम सुरू झाले होते. उथळ खड्ड्यांतून निघालेल्या ह्या प्रेतांची संख्या शेवटी चारशेच्या वर गेली. त्यांत लहान मुले पुष्कळ होती. सरकारी वैद्यकीय तपासणीत बहुतेकांच्या मृत्यूचे कारण उपासमार असे निघाले. काहींचा गळा आवळलेला होता. मॅकेन्झी हा त्या सर्वांचा धर्मोपदेशक. जगाचा अंत जवळ आला आहे, अन्नपाणी वर्ज्य करून मरण पत्करले म्हणजे येशूची भेट लवकर होईल, अशी शिकवण त्याने दिली असे सरकारपक्षाचे म्हणणे. मनुष्यवधापासून दहशतवादापर्यंतचे आरोप त्याच्यावर ठेवण्यात आले आणि ते त्याने नाकारले. ते खटले लांबत गेले. शाकाहोलाचे प्रकरण उघडकीस आल्यावर त्याला पहिली शिक्षा झाली ती मात्र परवान्याविना चित्रफिती काढल्याची!

चित्रफीत काढायला परवाना लागतो. त्या चित्रफितीत जे बोलायचे ते बोलायला काहीही लागत नाही. केनियातील कायद्याची ही स्थिती विचित्र वाटली तरी अपवादात्मक मुळीच नाही. जगातील बहुतेक लोकशाही देशांत ती तशीच आहे, आणि ती तशी असावी असेच आपण सारे मानत आलो आहोत.

हा विषय माझ्या अभ्यासाचा नव्हे. मी अर्थशास्त्र शिकवतो आणि धर्माने ख्रिस्ती नाही. तरीही ह्या प्रश्नाकडे मी ओढला गेलो तो आमच्या महाविद्यालयातून निवृत्त झालेल्या एका हेडक्लार्कमुळे. हे गृहस्थ नगर जिल्ह्यातील, तीन पिढ्यांच्या ख्रिस्ती घराण्यातले. आजोबा मिशनच्या शाळेत मास्तर होते आणि रविवारी आसपासच्या खेड्यांतून उपदेशही करीत. घरात रोज संध्याकाळी शास्त्रवाचन होई आणि चुकीचा उच्चार झाला तर आजोबांची छडी उठे. हेडक्लार्कांची धाकटी विधवा बहीण गेली काही वर्षे शहरातल्या भाड्याच्या सभागृहात भरणाऱ्या एका नव्या मंडळीच्या उपासनेला जाते. तेथील उपदेशकाने एके दिवशी तिच्या मस्तकावर हात ठेवून तिचा मधुमेह बरा झाल्याचे जाहीर केले. बाईंनी गोळ्या बंद केल्या. आठ महिन्यांनी त्यांच्या डाव्या पायाची दोन बोटे कापावी लागली.

हेडक्लार्क मला म्हणाले, "सर, अकरावीच्या वर्गासमोर उभे राहायचे तर एम.ए.वर बी.एड. लागते. मला कारकुनीत कायम होण्यासाठी टंकलेखनाची परीक्षा द्यावी लागली. ह्या गृहस्थाला यशया आधीचा की यिर्मया हेसुद्धा सांगता येत नाही. ह्याला कोणी कोणता कागद मागितला?"

मला तेव्हा उत्तर देता आले नाही. नंतर वाचू लागलो तेव्हा ध्यानात आले की, हाच प्रश्न आफ्रिका खंडात गेली दहा-बारा वर्षे सरकारांना, न्यायालयांना आणि स्वतः चर्चसंस्थेलाही छळतो आहे.

ज्याची पारख होत नाही असा माल

आधी माझ्या शास्त्राला काय म्हणायचे आहे ते सांगतो. पैसे देऊन घ्यायच्या वस्तूंचे अर्थशास्त्रज्ञ तीन प्रकार कल्पितात. आंबा हुंगून, दाबून, घेण्यापूर्वीच पारखता येतो. खानावळीचे जेवण चांगले की वाईट ते जेवल्यावर कळते. परंतु डॉक्टरने सांगितलेली शस्त्रक्रिया खरोखर आवश्यक होती काय, हे ती होऊन गेल्यावरही रोग्याला कळत नाही. ह्या तिसऱ्या प्रकाराकडे मायकेल डार्बी आणि एडी कार्नी ह्या दोघांनी १९७३ साली लक्ष वेधले. येथे ग्राहकाला विश्वासावरच चालावे लागते. त्याआधी तीन वर्षे जॉर्ज अॅकरलॉफ ह्यांनी जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखवून दिले होते की, विकणाऱ्याला मालाचे दोष ठाऊक आणि घेणाऱ्याला ते अज्ञात, अशी स्थिती असेल तर वाईट माल चांगल्या मालाला बाजारातून हुसकून लावतो. २००१ सालच्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता.

धर्मोपदेश हा ह्या तिसऱ्या प्रकारातला शेवटच्या टोकाचा माल होय. त्याचे फळ परलोकात मिळायचे. तेथून परत येऊन कोणी तक्रार नोंदवत नाही. शिवाय ह्या व्यवहारात एक अशी युक्ती आहे की जी कोणत्याही दुकानदाराला साधलेली नाही. देणगीचे 'बी' पेरा म्हणजे देव शंभरपटीने परत देईल, अशी समृद्धीची शिकवण अमेरिकेतून निघून आफ्रिकेच्या शहरी वस्त्यांत पसरली. शंभरपट तर सोडाच, एकपटही परत आले नाही की उपदेशक म्हणतो, तुमचा विश्वास कमी पडला. माल खोटा निघाल्याचा दोष ग्राहकाच्या माथी! नैरोबीतील अशाच एका उपदेशकाचे कारस्थान २०१४ साली दूरचित्रवाणीच्या वार्ताहरांनी उघडे पाडले. भाविकांच्या पायांतून रोग रक्तरूपाने बाहेर पडत असल्याचे तो दाखवी. ते रक्त म्हणजे पाण्यात कालवलेले पोटॅशियम परमँगनेट होते. एका आशीर्वादाचा दर तीनशे दहा शिलिंग.

परंतु लोभाने सर्व काही उलगडत नाही. शाकाहोलात जे घडले त्यात पैसा दुय्यम होता. मॅकेन्झी पूर्वी टॅक्सी चालवीत असे. २००३ च्या सुमारास त्याने मालिंदीत आपली मंडळी काढली. मुलांना शाळेत घालणे पाप आहे, असे तो सांगू लागला आणि त्याबद्दल २०१७ साली त्याच्यावर खटलाही झाला. पुढे दवाखाना निषिद्ध ठरला. २०१९ साली केनियाच्या सरकारने नागरिकांना ओळख-क्रमांक देण्याची मोहीम काढली, तेव्हा तो क्रमांक म्हणजे सैतानाची खूण असे त्याने जाहीर केले. त्याच वर्षी त्याने मंडळी बंद केली आणि अनुयायी जंगलात जाऊन राहू लागले. लॉरेन्स इयानाकोन ह्या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९९२ च्या एका निबंधात असे मांडले होते की, कडक धर्मपंथ अनुयायांकडून जे जाचक त्याग मागतात त्यामागे एक हिशेब असतो: अर्धवट मनाचे लोक त्यामुळे गळून पडतात आणि उरलेल्यांचा बंध घट्ट होतो. हे खरेच आहे. पण शाकाहोलाचा क्रम पाहिला म्हणजे त्याची दुसरी बाजू दिसते. शाळा गेली, दवाखाना गेला, ओळखपत्र गेले, घरदार विकून झाले. प्रत्येक पायरीबरोबर परतीचा रस्ता अधिक महाग होत गेला. ज्याच्याजवळ परत जायला काही उरलेच नाही, त्याला उपाशी राहा म्हणून सांगणे मग फार अवघड नसते. आणि मुलांना तर विचारतो कोण? मार्च २०२३ मध्ये आईबापांनी उपाशी ठेवलेल्या दोन मुलांच्या मृत्यूबद्दल मॅकेन्झीला अटक झाली होती आणि किरकोळ जामिनावर तो सुटला होता. प्रेते सापडली ती त्यानंतरच्या महिन्यात.

आता वाचकांना सांगावयाची गोष्ट ही की, ह्या अनर्थाच्या सात वर्षे आधी केनियात उपदेशकांकडून कागद मागण्याचा प्रयत्न झाला होता. नैरोबीच्या त्या लाल पाण्याच्या प्रकरणानंतर महान्यायवादी गिथू मुइगाई ह्यांनी नव्या चर्चांची नोंदणी थांबवली आणि पुढे नियमांचा मसुदा आणला. उपदेशकाने धर्मशास्त्राच्या शिक्षणाचे प्रमाणपत्र दाखवावे, पोलिसांचा दाखला आणावा, संस्थेने आपली नोंद नव्याने करावी, असे त्यात होते. त्यावर गदारोळ उठला. स्वतंत्र मंडळ्या विरोधात गेल्या हे समजण्यासारखे आहे. पण ज्यांचे धर्मगुरू वर्षानुवर्षे सेमिनरीत शिकून बाहेर पडतात त्या कॅथलिक चर्चनेही विरोध केला आणि मुसलमानांच्या संघटनेनेही. जानेवारी २०१६ मध्ये राष्ट्राध्यक्ष उहुरू केन्याटा ह्यांच्या सूचनेवरून मसुदा मागे घेण्यात आला. तो अमलात आला असता तर शाकाहोला टळले असते काय? तसे छातीठोकपणे सांगता येणार नाही. नोंदणी रद्द झाल्याने जंगलात जाणारा माणूस थांबत नाही. मॅकेन्झीने तर आपली मंडळी आपणच बंद केली होती. दक्षिण आफ्रिकेतही उपदेशकांची परीक्षा त्यांच्याच व्यवसायबंधूंच्या मंडळाने घ्यावी अशी सूचना २०१७ साली एका घटनात्मक आयोगाने केली. भाविकांना गवत खाऊ घालणारे आणि त्यांच्या तोंडावर कीटकनाशक फवारणारे उपदेशक त्या आयोगासमोर होते. संसदीय समितीने ती सूचना स्वीकारली नाही.

रुवांडाची वाट

केनियाने जे मागे घेतले ते रुवांडाने करून दाखवले. २०१८ च्या आरंभी राजधानी किगालीतील सातशेहून अधिक चर्चे सरकारने बंद केली. कारणे ऐकायला साधी होती: इमारत धोक्याची, ध्वनिक्षेपकाचा त्रास, शौचालय नाही, परवानगी नाही. राष्ट्राध्यक्ष पॉल कागामे ह्यांनी त्या वेळी विचारले की एका शहरात चर्चे सातशे, मग पाण्याच्या विंधनविहिरी तरी तितक्या आहेत काय आणि कारखाने आहेत काय. अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाला हा प्रश्न आवडावा अशीच त्याची रचना आहे, आणि मला तो प्रथम आवडलाही होता. मग वाटले, विहीर खणणे हे मुख्यतः सरकारचे काम. त्या कमी पडल्या ह्याचा जाब प्रार्थना करणाऱ्यांना का विचारावा?

असो. त्याच वर्षीच्या कायद्याने असे ठरवले की धर्मोपदेशकाजवळ धर्मशास्त्राची पदवी हवी, किंवा अन्य विषयाची पदवी आणि शिवाय धर्मशिक्षणाचे प्रमाणपत्र हवे. त्यासाठी पाच वर्षांची मुदत दिली गेली. मुदत संपल्यावर २०२४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये देशभर तपासणी झाली. तेरा-चौदा हजार प्रार्थनास्थळे पाहण्यात आली आणि त्यांतली निम्म्याहून अधिक बंद करण्यात आली. काही मशिदीही त्यांत होत्या. डोंगरातल्या एखाद्या खेड्यात चाळीस-पन्नास माणसे जमवून उपासना चालवणारा शेतकरी-पाळक पाच वर्षांत पदवी कोठून आणणार? आणि पदवीला किंमत आली म्हणजे पदवीची दुकाने कशी उघडतात, हे आपल्याकडच्या शिक्षकवर्गाला मी सांगायला हवे असे नाही. मिल्टन फ्रीडमन ह्यांनी १९६२ सालीच डॉक्टरांच्या परवान्यावरदेखील आक्षेप घेतला होता की, परवाना पद्धतीचा लाभ ग्राहकापेक्षा व्यवसायात आधी शिरलेल्यांना अधिक होतो. वैद्यकाच्या बाबतीत मला ते मत पटत नाही. पाळकांच्या बाबतीत मात्र ते थोडे विचारात घ्यावे असे वाटते. शिवाय कागामे ह्यांचे सरकार विरोध फारसा सहन करणारे नाही, हे जगजाहीर आहे. शौचालय नाही म्हणून जे चर्च बंद करता येते, ते तेथील प्रवचन रुचले नाही म्हणूनही बंद करता येते; कागदावर कारण शौचालयाचेच राहते.

पण रुवांडाच्या बाबतीत ह्याहून गंभीर गोष्ट निराळीच आहे. अर्धशिक्षित उपदेशकांची भीती बाळगणाऱ्या ह्या देशात चर्चसंस्थेचा सर्वांत मोठा अधःपात कोणी घडवला? १९९४ सालच्या एप्रिलमध्ये तुत्सी लोकांचा संहार सुरू झाला तेव्हा न्यांगे ह्या गावच्या चर्चमध्ये दीड हजारांहून अधिक तुत्सी स्त्री-पुरुष-मुले आश्रयाला आली. तेथील कॅथलिक धर्मगुरू आथानाझ सेरोम्बा. ती माणसे आत असताना बुलडोझर लावून चर्चची इमारत पाडण्यात आली. आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने सेरोम्बाला २००६ साली पंधरा वर्षांची शिक्षा दिली आणि २००८ साली अपिलात ती जन्मठेपेची केली. हा माणूस सेमिनरीत रीतसर शिकलेला, रीतसर दीक्षा घेतलेला होता. संहारानंतर तो इटलीत गेला आणि निराळ्या नावाने तेथल्या एका चर्चमध्ये धर्मगुरूचेच काम करीत राहिला. एलिझाफान न्ताकिरुतिमाना हा अॅडव्हेंटिस्ट चर्चचा प्रादेशिक अध्यक्ष, वयोवृद्ध, प्रतिष्ठित. मुगोनेरो येथील इस्पितळात अडकलेल्या तुत्सी पाळकांनी, म्हणजे त्याच्याच हाताखालच्या सहकाऱ्यांनी, त्याला पत्र लिहून मदत मागितली होती. ती मिळाली नाही, हल्ला झाला. २००३ साली न्ताकिरुतिमानाला दहा वर्षांची शिक्षा झाली. ह्या दोघांच्याही कागदपत्रांत काही उणे काढता आले नसते. २०१८ चा कायदा १९९४ साली असता तर दोघेही त्यातून सुखरूप पार पडले असते! पोप फ्रान्सिस ह्यांनी मार्च २०१७ मध्ये चर्चच्या वतीने त्या काळातील पापांबद्दल देवाकडे क्षमायाचना केली.

अडाणी कोण?

ख्रिस्ती धर्माच्या इतिहासात हा वाद जुना आहे. इंग्लंडातील ग्लॉस्टरचे बिशप जॉन हूपर ह्यांनी १५५१ साली आपल्या क्षेत्रातील ३११ धर्मगुरूंची परीक्षा घेतली, तेव्हा त्यांतील १६८ जणांना दहा आज्ञा म्हणून दाखवता आल्या नाहीत. प्रभूची प्रार्थना कोणाची, हेही कित्येकांना सांगता आले नाही. आमच्या हेडक्लार्कांच्या आजोबांची छडी तेथे रोज उठली असती. कॅथलिकांनीही हे दुखणे ओळखले होते. प्रत्येक बिशपच्या क्षेत्रात सेमिनरी असावी, असा ठराव ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ साली केला. हिंदुस्थानातही सेरामपूरच्या महाविद्यालयाला डेन्मार्कच्या राजाने १८२७ साली पदवीदानाचा अधिकार दिला आणि आजही देशभरच्या अनेक सेमिनरींतील विद्यार्थी त्याच्या पदव्या घेतात. पंडिता रमाबाईंनी मराठी बायबलसाठी हिब्रू आणि ग्रीक ह्या मूळ भाषांचा अभ्यास केला आणि आयुष्याची अखेरची वर्षे त्या भाषांतरात घालवली. त्यांच्या निधनानंतर दोन वर्षांनी, १९२४ साली, ते प्रसिद्ध झाले. विद्वत्तेची ही परंपरा क्षुद्र नव्हे.

तथापि येशूचे पहिले शिष्य कोळी होते. पेत्र आणि योहान अशिक्षित आहेत ह्याचे यरुशलेमच्या अधिकाऱ्यांना मोठे नवल वाटले, असे खुद्द नव्या करारातच नमूद आहे. जॉन बन्यन हा इंग्लंडातील बेडफर्डचा, फुटकी भांडी सांधणारा कारागीर. सरकारमान्य चर्चच्या अनुज्ञेवाचून प्रवचने केली म्हणून १६६० साली त्याला तुरुंगात टाकण्यात आले आणि बारा वर्षे तो तेथे राहिला. 'प्रवचन करणार नाही' एवढे शब्द उच्चारले असते तर तो सुटला असता. त्याचा तो रूपकग्रंथ १६७८ साली निघाला. मराठी कथात्मक गद्याच्या इतिहासात ज्याचा उल्लेख नेहमी येतो ते हरि केशवजींचे 'यात्रिकक्रमण' हे १८४१ सालचे पुस्तक म्हणजे त्याचेच भाषांतर. आजच्या किगालीत बन्यनला परवाना मिळाला नसता.

अमेरिकेचा अनुभव तर ह्याहून बोधप्रद आहे. रॉजर फिंक आणि रॉडनी स्टार्क ह्या समाजशास्त्रज्ञांनी काढलेल्या अंदाजाप्रमाणे १७७६ साली तेथील चर्चसभासदांत मेथडिस्टांचे प्रमाण अडीच टक्के होते; १८५० साली ते चौतीस टक्क्यांवर गेले. हार्वर्ड आणि येल येथे शिकलेल्या पाळकांची काँग्रिगेशनल मंडळी त्याच काळात वीस टक्क्यांवरून चार टक्क्यांवर आली. मेथडिस्टांचे उपदेशक घोड्यावरून हिंडणारे, फारसे न शिकलेले. म्हणजे ग्राहकाने विद्वत्तेला पसंती दिली नाही. परंतु येथे एक बाब सहसा दुर्लक्षिली जाते. हे उपदेशक अशिक्षित असले तरी मोकाट नव्हते. त्यांना एका ठिकाणी ठाण मांडून बसू देत नसत, सारखी बदली होई. दरवर्षी परिषदेपुढे प्रत्येकाच्या वर्तनाची नावानिशी चौकशी होत असे, वाचनाचा क्रम नेमून दिलेला असे आणि गावातल्या सभासदांचे छोटे छोटे वर्ग एकमेकांवर नजर ठेवीत. त्यांना पदवी नव्हती, पण त्यांच्यावर कोणीतरी होते. मॅकेन्झीवर कोणीच नव्हते. सेरोम्बावर बिशप होते, परंतु त्या उतरंडीने त्याला जाब विचारण्याऐवजी इटलीत पोटाशी धरले.

ॲडम स्मिथच्या १७७६ सालच्या ग्रंथात ह्या विषयावर एक मोठे प्रकरण आहे, आणि माझ्या विद्यार्थ्यांपैकी एकानेही ते वाचलेले नसते. त्याचा मित्र डेव्हिड ह्यूम ह्याचे म्हणणे असे की, धर्मगुरूंना सरकारने पगार देऊन आळशी करून ठेवावे, म्हणजे ते लोकांना भडकवीत हिंडणार नाहीत. स्मिथला ते मान्य नव्हते. पंथ दोन-तीन असतील तर ते धोक्याचे. दोन-तीनशे असू द्या, म्हणजे प्रत्येकाला दुसऱ्याचा धाक राहील आणि सगळेच नरमाईने वागतील, असा त्याचा युक्तिवाद. किगालीतील सातशे आणि नैरोबीतील असंख्य चर्चे पाहता स्मिथचा हा भरवसा अर्धाच खरा ठरला असे म्हणावे लागते. स्पर्धेने उपदेशक राज्याला धोकादायक राहिले नाहीत. पण त्यांच्या समोर बसलेल्या माणसाला ते धोकादायक असू शकतात. मात्र लहान पंथांतील अतिरेकी कडकपणावर स्मिथने जो उपाय सुचवला तो ध्यानात घेण्याजोगा आहे. परीक्षा घ्यायची ती उपदेशकाची नव्हे. इतर प्रतिष्ठित व्यवसायांत शिरणाऱ्या सर्वांना शास्त्रे व तत्त्वज्ञान ह्यांची परीक्षा द्यायला लावा, म्हणजे समाजातील मधला थर शहाणा होईल आणि त्याच्यामागून खालचा. थोडक्यात, ऐकणारा शिकला पाहिजे. मॅकेन्झीने सर्वप्रथम शाळेवर का घाला घातला हे ह्यावरून कळते.

माझे स्वतःचे मत आता सांगतो. शिकवण खरी की खोटी हे ठरवण्याचे काम सरकारी कचेरीतल्या अधिकाऱ्याला देऊ नये. त्याला ते येत नाही आणि आले तर अधिकच वाईट. त्याने कृत्ये पाहावीत. महाराष्ट्रात डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर २०१३ साली जो जादूटोणाविरोधी कायदा झाला त्याची रचना ह्या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. तो कोणत्याही बुवाची पदवी विचारत नाही आणि धर्मही विचारत नाही. साप चावलेल्याला दवाखान्यात जाण्यापासून रोखून मंत्रोपचार करणे, अशा विशिष्ट कृत्यांची यादी तो देतो आणि त्यांना शिक्षा सांगतो. तो पुरेसा आहे असे नाही, अंमलबजावणीविषयी तर बोलायलाच नको. पण दिशा बरोबर आहे. मूल शाळेत जात नाही, रोग्याचे औषध बंद केले गेले, वर्गणीचा हिशेब ठेवला जात नाही: ह्या तिन्ही गोष्टी कोणत्याही धर्मशास्त्रात न शिरता तपासता येतात. मालिंदीच्या पोलिसांजवळ पहिल्या गोष्टीची माहिती २०१७ पासून होती. शाकाहोलानंतर केनियाच्या सरकारने नेमलेल्या समितीने २०२४ च्या जुलैत अहवाल दिला, नव्या कायद्याचा मसुदाही पुढे आला. आणि २०२५ साली त्याच किलिफी परगण्यात क्वा बिन्झारो येथे पुन्हा खड्ड्यांतून प्रेते उकरून काढावी लागली.

उपदेशकाला शास्त्र यायला हवे ही मागणी मात्र करायची ती मंडळीने, म्हणजे बाकांवर बसणाऱ्यांनी. ते सोपे नाही. गेल्या महिन्यात आमचे हेडक्लार्क बहिणीबरोबर त्या सभागृहात गेले होते. प्रार्थना संपल्यावर त्यांनी उभे राहून दोनच प्रश्न विचारले: ह्या मंडळीचा जमाखर्च कोण तपासते, आणि गोळ्या बंद करायला बहिणीला कोणी सांगितले. पहिल्याचे उत्तर मिळाले की हिशेब देवापाशी दिला जातो. दुसऱ्या प्रश्नाच्या वेळी गाणे सुरू झाले. बाईंनी गोळ्या पुन्हा सुरू केल्या आहेत. रविवारी मात्र त्या काठी टेकत तेथेच जातात, आणि भाऊ दाराशी रिक्षा थांबवून उभा असतो.